शेतकऱ्याच्या घरीं विद्युत्-प्रयोगाची फळी

खानदेशांतील केळीच्या बागाइतीचा प्राण पाणी असून त्या पाण्याची किल्ली आज विजेच्या हातीं गेलेली आहे. फैजपूर, सावदा, यावल, रावेर या टापूंत मोटेचा आवाज बंद होऊन फार वर्षें लोटलीं. विहिरीवर पंप आला, पंपामागून ठिबक-सिंचनाच्या नळ्या आल्या, आणि अलीकडे स्टार्टरच्या पेटींत इलेक्ट्रॉनिक्सची एक हिरवी पट्टीही येऊन बसली आहे. तीन फेजांपैकीं एक गेली तर मोटार बंद करणें, विहिरींतील पाणी तुटलें तर पंप थांबविणें, मोबाइलवरून पंप चालूं करणें, हीं सर्व कामें ही पट्टी बिनबोभाट करीत असते. परंतु ऐन वैशाखांत, पारा ४४ अंशांच्या पलीकडे गेला असतां ती बिघडली, म्हणजे मिस्त्री येईपर्यंत बाग तहानेलेली राहते. केळीचीं मुळें बहुतांशीं जमिनीच्या वरच्या थरांत पसरत असल्यामुळें त्या दिवसांत पाण्याचा खंड तिला सोसत नाहीं, आणि दोन दिवसांचा खंड पुढें घडाच्या वजनांत दिसतो.

या परावलंबनावर उपाय म्हणून प्रत्येक शेतकऱ्यानें मिस्त्री व्हावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या घरांत शिकलेलीं मुलें-मुली आहेत, त्या घरांत चार फूट फळीवर एक लहानसें प्रयोगस्थान असावें, तेथें पट्टी तपासतां यावी, उपयोगी उपकरणाचा कच्चा नमुना मांडून पाहतां यावा, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हे. नवें बियाणें आपण प्रथम एका वाफ्यांत करून पाहतों, सबंध शेतांत पेरीत नाहीं. तोच नियम येथें लागू आहे: उपकरण आधीं फळीवर, मग मळ्यांत. प्रस्तुत लेखांत ही फळी कशी मांडावी व तिच्यावर पहिला पाठ कोणता गिरवावा, हें क्रमानें सांगावयाचें आहे.

पूर्वींचीं उदाहरणें

खेड्यांत असें काम होऊं शकतें काय, या शंकेला उत्तर पुणें जिल्ह्यांतील पाबळ या गांवीं मिळतें. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम स्थापन केला. हातानें काम करतां करतां शास्त्र शिकावें, हें त्याचें सूत्र. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेनें हातीं घेतलेल्या 'फॅब लॅब' या लहान कर्मशाळांच्या उपक्रमांतील एक अगदीं आरंभीची कर्मशाळा २००२ सालीं याच आश्रमांत उभी राहिली. ज्या साधनांची खेड्याला गरज आहे, त्यांचा नमुना खेड्यांतच तयार व्हावा, हा त्यामागील विचार होता.

खुद्द फैजपूरलाही या विचाराची ओळख जुनी आहे. डिसेंबर १९३६ मध्यें पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन येथें भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. त्याची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनानें बांबूसारख्या हाताशीं असलेल्या सामानांतून झाली आणि सोबत ग्रामोद्योगांचें प्रदर्शन भरलें. आज त्याच गांवीं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेव्हां विद्येची सोय जवळ आहे. उणीव आहे ती घरांत हात चालविण्याच्या जागेची.

जागा

खोलीची निवड करतांना प्रथम काय टाळावें तें पाहूं. ज्या खोलींत कापसाची रास लागते, कडबा किंवा बारदान ठेवतात, तेथें ही फळी कदापि लावूं नये. डाख देण्याच्या इस्त्रीचें टोंक साडेतीनशें अंशांपर्यंत तापतें, आणि कापसाला एक ठिणगी पुरे होते. खतें व कीटकनाशकें ज्या खोलींत असतात तीही वर्ज्य, कारण त्यांच्या वाफांनीं तांब्याचे जोड हिरवे पडतात. स्वयंपाकघर तर नकोच, कारण डाखाच्या धातूंत शिसें असतें.

ओसरीलगतची, खिडकी असलेली, कोरडी जागा सर्वांत चांगली. उजव्या हातानें काम करणाऱ्यानें खिडकी डावीकडे येईल असें बसावें, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाहीं.

फळी

चार फूट लांब, दोन फूट रुंद व एक इंच जाड अशी सागाची किंवा चांगल्या प्लायवुडची फळी घ्यावी. ती जमिनीपासून तीस इंचांवर भिंतीला मजबूत बिजागऱ्यांनीं बसवावी आणि दोन्ही टोंकांस सांखळ्या किंवा तिरके टेकू द्यावे. काम संपलें कीं फळी भिंतीसरशी मिटते, आणि लहान घरांतही जागेची अडचण होत नाहीं.

फळीच्या वर भिंतीवर दोन फूट उंचीची दुसरी एक पातळ फळी ठोकावी व तिच्यांत ओळीनें खुंट्या बसवाव्या. प्रत्येक हत्याराची खुंटी ठरलेली असावी आणि तिच्यामागें त्या हत्याराची आकृति रंगानें काढून ठेवावी. खुंटी रिकामी दिसली कीं कोणतें हत्यार जागेवर नाहीं हें तात्काळ समजतें.

बारीक भागांसाठीं नवें कपाट घेण्याचें कारण नाहीं. घरांतील जुना मिसळणाचा डबा या कामाला उत्तम, मात्र तो पुन्हां स्वयंपाकाकडे जाऊं देऊं नये. एका वाटींत रोधक, दुसरींत डायोड, तिसरींत ट्रान्झिस्टर अशी वांटणी करून झांकणावर कागद चिकटवावा. फळीवर नेहमीं जाड सुती कापड घालून ठेवावें, कारण आमच्याकडील उन्हाळी वावटळीची धूळ कोणत्याही फटींतून आंत शिरते.

कोरड्या हवेचा आणखी एक उपद्रव आहे. नायलॉन-पॉलिएस्टरच्या कपड्यांवर घर्षणानें वीज सांचते आणि बोट लावतांच ती नाजूक चिपमध्यें उतरून चिप निकामी होते, डोळ्यांना मात्र कांहींच दिसत नाहीं. म्हणून कामास बसतांना सुती कपडे घालावे आणि चिप हातीं घेण्यापूर्वीं अर्थिंगशीं जोडलेल्या धातूच्या पृष्ठभागास हात लावावा.

वीज

या सबंध लेखांतील मुख्य नियम हा: फळीवर २३० व्होल्टचा उघडा प्रवाह येतां कामा नये. भिंतींतील एका स्वतंत्र सॉकेटपर्यंतच तो असावा. त्या सॉकेटला सहा अँपिअरची एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारी आर.सी.सी.बी. बसवून घ्यावी. प्रवाह माणसाच्या शरीरांतून जमिनींत जाऊं लागला तर ही दुसरी कळ क्षणार्धांत वीज तोडते. घराचें अर्थिंग खरोखर चालूं आहे किंवा नाहीं, हें परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासून घ्यावें.

सॉकेटपासून पुढें १२ व्होल्ट, २ अँपिअरचा तयार अ‍ॅडॉप्टर वापरावा. भारनियमनाच्या वेळीं फवारणीच्या पाठीवरील पंपाची १२ व्होल्टची बॅटरीही चालते. परंतु बॅटरी दिसावयास गरीब असली तरी तिच्या दोन्ही टोंकांचा एकमेकांशीं स्पर्श झाला तर तार लाल होण्याइतका प्रवाह तिच्यांतून निघतो. म्हणून तिच्या धन टोंकाजवळच एक अँपिअरचा फ्यूज घातल्याखेरीज ती फळीवर आणूं नये.

बऱ्याच उपकरणांस ५ व्होल्ट लागतात. १२ चे ५ करण्यासाठीं ७८०५ हा तीन पायांचा भाग पुरतो. मात्र मधले ७ व्होल्ट तो उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतो. अर्धा अँपिअर प्रवाह घेतला तर ७ गुणिलें ०.५ म्हणजे ३.५ वॅट इतकी ही उष्णता होते, आणि तेवढ्यासाठीं त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावावी लागते.

हत्यारें

आरंभीं पुढील साधनें पुरेशीं आहेत: अंकदर्शी मल्टिमीटर, २५ वॅटची डाख-इस्त्री व तिची तारेची बैठक, डाखाची तार, चुकलेला डाख ओढून घेण्याची पिचकारी, चिमटा, तारा कापण्याची व सोलण्याची पक्कड, लहान पेंचकस, भिंग आणि ब्रेडबोर्ड. यांत मल्टिमीटरवर हात आंखडूं नये. तराजूवांचून आडत्याचें दुकान चालत नाहीं, तसें मापकावांचून हें काम चालत नाहीं.

ब्रेडबोर्ड या नांवाचा इतिहास मनोरंजक आहे. शंभर वर्षांपूर्वीं पाश्चात्य देशांतील हौशी लोक घरीं रेडिओ जुळवीत, तेव्हां पाव कापण्याच्या लांकडी फळीवर खिळे ठोकून त्यांना तारा गुंडाळीत. आपल्याकडे हा प्रकार सुरू झाला असता तर त्याचें नांव पोळपाट पडलें असतें! आजचा ब्रेडबोर्ड प्लॅस्टिकचा असून त्यावर एक दशांश इंच अंतरानें भोकें असतात. मधल्या चरीच्या दोन्ही बाजूंस पांच पांच भोकांची एकेक ओळ आंतून जोडलेली असते, आणि कडेनें धन व ऋण टोंकांसाठीं लांब पट्ट्या असतात. भागांचे पाय भोकांत खोंचले कीं जोडणी झाली, उपटले कीं मोडली. एक अँपिअरहून अधिक प्रवाह मात्र यांतून नेऊं नये.

रोधकाची किंमत त्यावरील रंगांच्या पट्ट्यांत लिहिलेली असते. काळा ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८ व पांढरा ९. पहिल्या दोन पट्ट्या म्हणजे दोन अंक आणि तिसरी म्हणजे त्यांपुढील शून्यांची संख्या. तांबडा, तांबडा, तपकिरी म्हणजे २२० ओहम. तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे १०,००० ओहम. उजळणी पाठ करणाऱ्या मुलास हें कोष्टक दोन दिवसांत तोंडपाठ होतें.

डाख देणें

कथील व शिसें यांचा ६० व ४० या प्रमाणांतील डाख १८३ अंशांवर मऊ होऊं लागतो व १९० अंशांच्या सुमारास पूर्ण वितळतो. इस्त्रीचें टोंक ३२० ते ३५० अंश तापवावें. नवशिका डाख टोंकावर वितळवून जोडावर थापतो, पण असा जोड आंतून पोकळ राहतो. टोंकानें प्रथम जोडच दोन-तीन सेकंद तापवावा, मग तार जोडाला लावावी. डाख आपण होऊन पसरतो व थंड झाल्यावर चकाकतो. निस्तेज, गोळीसारखा दिसणारा जोड कच्चा समजून पुन्हां करावा.

धूर निघतो तो डाखांतील राळेचा, आणि दम्याच्या माणसास तो बाधतो. खिडकी उघडी ठेवून लहान पंख्यानें तो बाहेर वळवावा. काम संपल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय कांहीं खाऊं नये, आणि तान्ह्या मुलास जवळ घेऊं नये. शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें.

पहिला पाठ: हौदाचा दिवा

विद्राव्य खतांच्या टाकींत किंवा हौदांत पाणी ठरलेल्या उंचीपर्यंत आलें कीं दिवा लागावा, असें उपकरण प्रथम करावें. लागणारे भाग: बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, एक तांबडा एल.ई.डी., आणि २२० ओहम, १०,००० ओहम व १,००,००० ओहम असे तीन रोधक.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खालीं धरले असतां डावा पाय कलेक्टर, मधला बेस आणि उजवा एमिटर होय. ५ व्होल्टच्या धन टोंकापासून २२० ओहमचा रोधक, त्यापुढें एल.ई.डी.चा लांब पाय, आणि आंखूड पाय कलेक्टरला जोडावा. एमिटर ऋण टोंकास जोडावा. बेस व एमिटर यांमध्यें १ लाख ओहमचा रोधक घालावा, म्हणजे लांब तारेंत शिरणाऱ्या इतर विजेच्या खोड्यांनीं दिवा उगाच लुकलुकत नाहीं. आतां धन टोंकापासून एक तार काढून ती हौदाच्या तळाशीं न्यावी. दुसरी तार १०,००० ओहमच्या रोधकांतून बेसला जोडून तिचें उघडें टोंक हव्या त्या उंचीवर ठेवावें.

पाणी वरच्या तारेस लागलें कीं पाण्यांतून अगदीं थोडा प्रवाह बेसकडे जातो. तो अर्ध्या मिलिअँपिअरहूनही कमी असतो. ट्रान्झिस्टर त्याच्या शंभर पटींहून अधिक प्रवाह कलेक्टरमधून वाहूं देतो आणि दिवा लागतो. पाटाचें लहानसें दार बोटानें उचललें कीं पाटभर पाणी वाहतें, तसाच हा प्रकार. दिव्यावर सुमारें २ व्होल्ट खर्ची पडतात, राहिलेले ३ व्होल्ट २२० ओहमवर येतात. ३ भागिलें २२० म्हणजे सुमारें १४ मिलिअँपिअर, आणि एवढा प्रवाह दिव्यास सोसतो.

प्रयोग प्रथम पाण्याच्या पेल्यांत करावा. दिवा लागला म्हणून समाधान न मानतां २२० ओहमच्या दोन टोंकांमधील दाब मल्टिमीटरनें मोजावा व त्याला २२० नीं भागून खरा प्रवाह वहींत लिहावा. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एकाच दिशेनें सतत प्रवाह वाहिल्यास तांब्याची तार पाण्यांत झिजते. म्हणून पाण्यांतील टोंकें स्टेनलेस पोलादाचीं करावीं आणि मध्यें दाबकळ बसवून पाहण्यापुरताच प्रवाह सोडावा.

दुसरा पाठ: पंप उशिरां सुरू करणारी कळ

वीज आल्याबरोबर पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून पुष्कळ शेतकरी स्वयंचलित कळ बसवितात. रात्रपाळीची वीज ज्यांच्या वांट्यास येते, त्यांना अंधारांत विहिरीवर जावें लागूं नये ही त्यांची इच्छा रास्तच आहे. परंतु तिचा परिणाम काय होतो हें हिशोबानें पाहण्यासारखें आहे. पांच अश्वशक्तीची मोटार चालूं असतांना सुमारें साडेसात अँपिअर प्रवाह घेते. ६३ के.व्ही.ए.च्या रोहित्राची पूर्ण शक्ति सुमारें ८५ अँपिअर. त्यावर अशा दहा मोटारी असल्या तर ७५ अँपिअर होतात, म्हणजे रोहित्र त्या पेलतें. परंतु थेट स्टार्टरवरील मोटार सुरू होतांना नेहमीच्या पांच ते सात पट प्रवाह ओढते. दहाही मोटारी एकाच क्षणीं उठल्या तर पावणेचारशें ते सव्वापांचशें अँपिअरची झड रोहित्रावर बसते. दाब पडतो, मोटारी घुरघुरतात, फ्यूज जातो, आणि हें रोज घडत राहिलें तर एके दिवशीं रोहित्रच जळतें. मग दहाही बागा एकदम कोरड्या राहतात.

यावर फळीवर करून पाहण्यासारखा उपाय आहे. वीज आल्यावर ठरलेला वेळ थांबून मगच पंपास आज्ञा देणारी कळ तयार करावी. पहिल्या शेतकऱ्यानें एक मिनिट, दुसऱ्यानें दोन, याप्रमाणें दहा जणांनीं आपापसांत वेळ वांटून घ्यावा. दहा मिनिटांत सर्व पंप चालूं होतात आणि रोहित्रावर एका वेळीं एकाच मोटारीचा धक्का बसतो.

या कामास अर्डुइनोसारखा लहान संगणक-पट्टा चालतो. २००५ सालीं इटलींतील इव्रेआ येथें विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं तो निघाला. संगणकावर लिहिलेल्या चार ओळींच्या सूचना त्याच्यांत उतरवितां येतात. त्याच्या एका पायांतून २० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेऊं नये, आणि १२ व्होल्टच्या सामान्य रिलेची गुंडाळी ४०० ओहमची म्हणजे ३० मिलिअँपिअर मागणारी असते. म्हणून मध्यें पहिल्या पाठांतील ट्रान्झिस्टरच घालावा. मात्र पट्ट्याच्या पायापासून बेसपर्यंतचा रोधक येथें १,००० ओहमचा असावा आणि दोन्हींचीं ऋण टोंकें एकत्र जोडावीं. रिले सुटतांना तिची गुंडाळी उलट दिशेनें जोराचा दाब उत्पन्न करते. तो जिरविण्यासाठीं गुंडाळीच्या दोन टोंकांमध्यें १एन४००७ हा डायोड, त्याची पट्टीची बाजू धन टोंकाकडे ठेवून, लावावा.

फळीवर मोटारीच्या ऐवजीं १२ व्होल्टचा लहान दिवा रिलेच्या कळीस जोडावा. तीन दिवस निरनिराळ्या वेळीं वीज तोडून पुन्हां द्यावी आणि दिवा किती सेकंदांनीं लागला तें प्रत्येक वेळीं लिहून ठेवावें. वीज क्षणभर जाऊन आली तर गणना पुन्हां आरंभापासून सुरू होते किंवा नाहीं, हेंही पहावें. हें सर्व ठीक उतरलें, तरच तें उपकरण स्टार्टरच्या पेटीकडे न्यावें.

तेथें मात्र फळीवरील विद्यार्थ्यानें थांबावें. तीन फेजच्या पुष्कळ स्टार्टरांत कॉइलला ४१५ व्होल्टचा दाब असतो. ती जोडणी परवानाधारक तारतंत्र्यानें, पोलवरील वीज बंद करूनच करावी. पेंचकसाचा टेस्टर लागला नाहीं म्हणजे वीज नाहीं, असें समजणें प्राणावर बेततें. वीज नाहीं याची खात्री मापकानेंच करावी.

वही व खर्च

सर्व साधनें एकदम विकत घेऊं नयेत. पहिल्या महिन्यांत फळी, सॉकेटची सुरक्षित कळ, मल्टिमीटर व ब्रेडबोर्ड एवढेंच घ्यावें. दुसऱ्या महिन्यांत डाखाचें सामान, आणि दोन्ही पाठ मनासारखे झाल्यावर संगणक-पट्टा. जुन्या रेडिओ, चार्जर व बंद पडलेल्या पट्ट्यांतून काढलेले भाग शिकण्यास पुरेसे होतात, मात्र प्रत्येक भाग मोजून मगच वाटींत टाकावा.

फळीवर एक वही दोऱ्यानें बांधून ठेवावी. तिच्यांत तारीख, आकृति, मोजलेले आंकडे आणि काय चाललें नाहीं, हें रोज लिहावें. खतावणी नीट असली म्हणजे पिकाचा नफा-तोटा आपोआप समोर येतो, तसेंच येथेंही आहे. रोहित्रावरील दहा जणांपैकीं एकाच्याही घरीं अशी फळी व अशी वही असली, तर उरलेल्या नऊ जणांस आपापल्या पंपाचा वेळ ठरविण्यासाठीं त्याच्या ओसरीवर बसतां येईल. रोहित्र दहांचें असल्यामुळें त्याची काळजीही दहांनींच वाहिली पाहिजे.